पुढचा गुडघा

खडकेवाडीच्या चौकात आनंदा टिपुगडेच्या उजव्या गुडघ्याचा फ्लेक्स लागला, त्या दिवशी आनंदा त्याच्याखालून दोनदा गेला आणि त्याला कोणीही ओळखलं नाही.

फ्लेक्स बारा बाय आठचा होता. मधोमध गुडघा, हाफ पँटच्या कडेपासून पोटरीच्या सुरुवातीपर्यंत. वर लिहिलं होतं, 'लवकर बरा हो!' खाली वॉर्ड क्रमांक चार मित्रमंडळाचे एकोणीस चेहरे, त्यातले चौदा गॉगल लावून. आनंदाचा चेहरा कुठंच नव्हता. तो नसला तरी चालण्यासारखं होतं, कारण गावाचा संबंध गुडघ्याशी होता.

गावाची पाण्याची टाकी टेकडीवर. वर जायला एकशे चाळीस पायऱ्या. २०३५ साली नगरपंचायतीनं तिथं स्वयंचलित वॉल्व्ह बसवले. ते आपोआप उघडायचे, आपोआप बंद व्हायचे आणि आपोआप अडकायचे. अडकले की हातानं सोडवायला माणूस लागायचा, आणि ते रोज अडकायचे. म्हणून आनंदाची नोकरी टिकली होती. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हातात कमरेएवढी लोखंडी चावी, रोज पहाटे वर. उकिडवं बसून चावी फिरवायची, मग गावातल्या नळांना खोकला यायचा आणि पाठोपाठ पाणी.

फोन वाजला.

"हॅलो, गुडघा का?" चार नंबर वॉर्डातल्या पाटणकर वहिनी.

"आनंदा बोलतोय."

"तेच ते. आज कसा हाय तो?"

"बरा हाय."

"शेकताय न्हवं?"

"शेकतो की."

"जपा हो त्याला. आमच्याकडं रविवारी पाव्हणं हायत."

फोन बंद झाला. पाहुण्यांना जेवायला काय, हेही आनंदाला कळलं नाही. त्याला विचारायचं होतं असं नाही. पण विचारलं असतं तर दोन मिनिटं गेली असती.

*

त्याचं दुखणं सरळ नव्हतं. सलग दुखलं असतं तर इलाज झाला असता. हे चार दिवस दुखायचं आणि आठ दिवस गायब. डॉक्टरकडं गेलं की हमखास गायब. डॉक्टर गुडघा वाकवायचे, सरळ करायचे, वर-खाली दाबायचे, आणि गुडघा शाळेत साहेब आल्यावर पोरं बसतात तसा शहाण्यासारखा वागायचा. फोटोत झीज दिसायची, पण वयाला शोभेल इतकीच. "काही विशेष नाही," असं म्हणून ते गोळी द्यायचे. आनंदा बसस्टँडवर पोचायचा आणि तिथं गुडघा तोंड उघडायचा.

मग सरकारी आरोग्य केंद्रात गुडघापट्टे आले.

पट्टा दिसायला खेळाडू घालतात तसा. आत चार बारीक माईक. चालताना सांध्यातून कुरकुर, टिकटिक असे आवाज येतात. बरेचसे बिनकामाचे असतात, काही कूर्चा खरखरीत झाल्याचे. माईक ते ऐकतात. शिवाय पट्टा कातडीतून अगदी सौम्य वीज सोडतो. सांध्यात पाणी साठलं की ती सहज वाहते, त्यावरून सूज डोळ्यांना दिसायच्या आधी समजते. तिसरी गोष्ट, कोणत्या पायरीला किती भार पडला याची नोंद. म्हणजे दुखेल तेव्हा डॉक्टर नसले तरी चालतं. पट्टा असतो.

पण खरी करामत पुढं होती. देशभरात चार कोटी गुडघ्यांनी पट्टे घातले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. गुडघे हवे तसे झिजत नाहीत. चपला झिजतात तसे झिजतात. कुणाची टाच बाहेरून जाते, कुणाची आतून, आणि शोधलं तर अगदी आपल्यासारखी झिजलेली चप्पल कुठंतरी सापडतेच. यंत्रानं प्रत्येक गुडघ्यासाठी असा एक गुडघा शोधून दिला, जो त्याच वाटेवर थोडे दिवस पुढं चालतोय. त्याला म्हणायचे पुढचा गुडघा. त्याचं आज जे होतं ते तुमचं काही दिवसांनी होणार. तुम्ही त्याच्याकडं बघून आधीच सावध व्हायचं.

केंद्रात या कामासाठी 'गुडघा समन्वयक' असं पद होतं आणि त्या पदावर तन्वी मुळीक नावाची फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलेली, भरभर बोलणारी मुलगी होती.

"मामा, पट्टा दोन्ही पायांना लागणार. पण सरकारी नियम काय, तर एका लाभार्थ्याला एकच पट्टा."

"मग एक गुडघा घरी ठेवून येऊ काय?"

"रेशनकार्ड आणलंय का?"

"हाय."

"द्या इकडं. बघते काहीतरी." तिनं कार्ड घेतलं, खटाखट टाईप केलं, आनंदाचे सात ठिकाणी अंगठे घेतले आणि दोन पट्टे हातात दिले. "उजव्याचे निरोप तुमच्या मोबाईलवर येतील. डाव्याचं काय, तो दुखतच नाही ना तुमचा?"

"तो गुणी हाय."

"मग झालं."

डाव्या पट्ट्यावर हिरवा दिवा लागायचा. निरोप कधी आला नाही. गुणी माणसाची अशीच खबर येत नाही, म्हणून आनंदानं त्याचा विचार सोडून दिला.

*

उजव्याचा पुढचा गुडघा सापडला तेव्हा पडद्यावर एवढंच आलं: 'महिला. वय ५३. आपल्यापेक्षा अकरा दिवस पुढे. जुळणी: ९९.६ टक्के.'

नाव, गाव सांगायचा नियम नव्हता.

आनंदानं ते चार वेळा वाचलं. चार कोटींत एक बाई होती, जिचा गुडघा त्याच्यासारखाच होता. नव्व्याण्णव पूर्णांक सहा दशांश टक्के. लग्नाच्या वेळी पत्रिकासुद्धा इतकी जुळली नव्हती.

अंदाज तंतोतंत ठरायला लागले. तिकडं सूज चढली की बरोबर अकराव्या दिवशी इकडं कळ. बाईचं वैशिष्ट्य असं, की तिच्या गुडघ्याला सूज यायची, आवाज यायचा, पण 'वेदना' या रकान्यात कायम शून्य. दुखत असणारच. बोलत नव्हती. आनंदाला अशा माणसांबद्दल आदर होता.

नगरपंचायतीच्या इंजिनिअर बोधे साहेबांनी हा अंदाज गावाच्या पाणी-अ‍ॅपला जोडून टाकला. 'गुडघा: मध्यम. पाणी: वीस मिनिटे उशिरा.' तेव्हापासून आनंदाला गावात एवढी किंमत आली की त्याच्याशी कोणी बोलेना. चहाच्या टपरीवर लोक आधी मोबाईल बघायचे, मग त्याच्या पायाकडं, आणि समाधानानं निघून जायचे. चौकशी झालेली असायची.

बाई मात्र बोलायची. पट्ट्याची एक सोय होती. पुढच्या गुडघ्याचा अनुभव सल्ला म्हणून मागच्याला मिळायचा, त्याचा गुडघा त्या वळणावर पोचेल त्या दिवशी. मागच्यानं पुढच्याला काही कळवायची सोय नव्हती. आनंदाला यात वावगं वाटलं नाही. पाणीही वरूनच खाली येतं.

पहिला सल्ला आला: 'घाई नसल्यास थोडा वेळ बसावे.'

दुसरा: 'उतरताना दुखऱ्या पायाने सुरुवात करावी, चढताना चांगल्या. कठडा धरण्यात कमीपणा मानू नये.'

मग: 'उकिडवे बसणे टाळावे. तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसता येईल.'

आनंदा टाकीजवळचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसला. चावी फिरवली. गुडघ्याला बरं वाटलं. हे आपल्याला कसं सुचलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. किती व्यवस्थित बाई होती! आणि भाषा काय शुद्ध! शिक्षिका असणार. बिनलिफ्टच्या इमारतीत राहत असणार. दारात तुळस, जिना अंधारा.

पुढं पुढं सल्ले जरा वेगळे यायला लागले.

'एका माणसाची भाजी निवडण्यासाठी उभे राहू नये. बसून निवडावी. तशीही लवकरच संपते.'

'संध्याकाळी पाय सरळ ठेवून मांडीचे स्नायू आवळावेत व सोडावेत. दहा वेळा. संध्याकाळ त्याहून मोठी असल्यास पुन्हा दहा वेळा.'

'आज कोणाशीही बोलणे झाले नाही. गुडघ्यास आराम मिळाला.'

हे शेवटचं आनंदानं पायरीवर उभं राहून वाचलं, मग खाली बसून वाचलं. त्या दिवशी त्याचंही कोणाशी बोलणं झालं नव्हतं. म्हणजे पायऱ्यांवर तो नेहमीप्रमाणं काहीबाही पुटपुटला होता, पण एकशे चाळीस पायऱ्या गप्प चढणारा माणूस अजून जन्मायचा होता. ते धरायचं नाही.

शालन गेल्याला सहा वर्षं झाली होती. या सहा वर्षांत त्याच्या मनात असलं काही आलं नव्हतं, आणि आता आलं ते एका गुडघ्याबद्दल. पण तेवढ्यात सल्ला आला: 'समान त्रास असलेल्या व्यक्तीशी संपर्क ठेवावा. रागावू नये.'

आनंदाचे कान गरम झाले. एवढा स्पष्ट इशारा त्याला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. अ‍ॅपमध्ये 'भेटीची विनंती' असं बटण होतं. दोन्हीकडून दाबलं तर भेट. त्यानं दाबलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबलं. मग रोज पहाटे टाकीवर पोचल्यावर एकदा, असा क्रम पडला. तो रोज दाढी करून पायऱ्या चढायला लागला. वर टाकीशिवाय कोणी नसायचं.

*

उन्हाळ्यात दोन वेळा पाणी सुरू झालं. म्हणजे रोज दोनशे ऐंशी पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. मे महिन्याच्या तेरा तारखेला मोबाईल लाल झाला.

'पुढचा गुडघा: धोक्याची पातळी. सूज तिप्पट. भार कमी झालेला नाही. आपणास चोवीस तारखेला तीव्र वेदना संभवते. पूर्वतयारी करावी.'

गावानं लगेच पूर्वतयारी केली. पाणी-अ‍ॅपवर वाचून लोकांनी पिंपं, घागरी, बाळाचे टब भरून ठेवले. मित्रमंडळानं चोवीस तारखेला सामूहिक आरती ठरवली. पाटणकर वहिनींनी लग्नाची तारीख हलवली. लग्न त्यांच्या भाचीचं होतं.

बोधे साहेबांचा फोन आला. "टिपुगडे, अकरा दिवस आहेत हातात. काय लागेल ते सांगा. बर्फ, मलम, काय हवं ते."

"साहेब, ती बाई अजून जिना चढतीया."

"कोण बाई?"

"पुढची. सूज तिप्पट झालीया आणि भार कमी न्हाई म्हणतंय. तिला कोण सांगणारं नसंल. एकटी हाय ती."

"अहो, तिचं ती बघेल. तुम्ही आपला गुडघा बघा."

"तिला दुखल्यालं कळत न्हाई, साहेब. शून्य दाखवतंय. पडली तर कोण उचलायचं?"

"टिपुगडे, उद्या सकाळी पाणी वेळेवर सोडा," बोधे साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकेवाडीच्या नळांना खोकला आला नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. आनंदा धुतलेला शर्ट घालून तालुक्याच्या पहिल्या एसटीत बसला होता. मोबाईलवर शेहेचाळीस फोन येऊन गेले होते आणि गुडघा कुठं आहे असं सगळे विचारत होते.

*

"नाव सांगता येत नाही, मामा," तन्वी म्हणाली. "नियम आहे."

"नाव नको. तुम्ही फोन करा तिला. म्हणावं, बाई, बसा घरी. जिना चढू नका. कोण पाणी आणून देणारं नसंल तर सांगा, मी येतो."

"तुम्ही?"

"मला एवीतेवी पायऱ्या चढायची सवय हाय."

तन्वीनं त्याच्याकडं नीट बघितलं. केंद्रावर येणारे सगळे स्वतःच्या गुडघ्यासाठी भांडायचे. तिनं पडदा आपल्याकडं वळवला. "फोन मी करते. नाव मात्र विचारू नका." तिनं क्रमांक उघडला आणि थांबली. मग उठून त्याच्यासमोर खाली बसली आणि त्याच्या डाव्या पायाचा पट्टा सोडवला.

"हा केवढा फुगलाय."

"तो डावा. त्याचं काय न्हाई. दुखत न्हाई तो."

"मामा, तुम्ही चावी फिरवता तेव्हा सगळा भार या पायावर घेता का?"

"मग? उजवा दुखरा न्हवं."

"हा मुकाट्यानं सुजतो. मग चालताना तुमचं अंग याला सांभाळायला जातं आणि तुमच्या नकळत सगळं ओझं उजव्यावर टाकतं. दहा-अकरा दिवस उजवा ते ओढतो आणि मग बोंबलतो. तुमचा दुखणारा गुडघा बरा आहे. बिघडलेला हा आहे, न दुखणारा."

"बरं. पण त्या बाईला फोन..."

तन्वी उठून खुर्चीत बसली. नाव सांगायचं नाही, हा नियम तिला आता कुठं लावावा ते कळेना. तिनं सरळ सांगून टाकलं. "त्या दिवशी एका लाभार्थ्याला एक पट्टा होता ना. मी तुमचा डावा गुडघा रेशनकार्डावरच्या दुसऱ्या नावावर घातला. म्हटलं, घरातच राहील. पण त्यांचा नंबर बंद दिसतोय. तुमच्या मिसेस... घरी असतात ना?"

"सहा वर्षं झाली तिला जाऊन," आनंदा म्हणाला.

"कागदावर त्या आहेत अजून. रोज टाकीवर चढतायत. तुमच्या एकोणतीस विनंत्या त्यांच्या बंद नंबरवर पडून आहेत."

पंखा फिरत होता. आनंदानं डाव्या गुडघ्याकडं बघितलं. इतक्या जवळून त्यानं त्याला कधी बघितलं नव्हतं.

"मग ते सल्ले?" त्यानं विचारलं. "तिचं बोलणं?"

"पट्ट्यात माईक असतात. सांध्याचा आवाज टिपताना माणसाचं बोलणंही टिपतात. यंत्र त्यातली नावं, गावं, शिव्या काढतं आणि शुद्ध करून पाठवतं. तुम्ही अटींना 'मान्य' केलंय." खात्री करावी म्हणून तिनं एक मूळ नोंद लावली.

लाऊडस्पीकरमधून धापा टाकणारा आवाज आला. "बस की मर्दा जरा, कुठं आग लागलीया!"

'घाई नसल्यास थोडा वेळ बसावे.'

शुद्ध मराठीत भेटल्यावर स्वतःला ओळखणारा माणूस खडकेवाडीत तरी नव्हता. तन्वीला हसू आलं. तिनं दुसरी लावली, आणि हसू मध्येच राहिलं.

"शालन, सांज सरत न्हाई बघ..."

तिसरी. "शालन, आज एक माणूस बोललं न्हाई माझ्यासंगं. सगळी ह्या गुडघ्यालाच इचारत्यात."

चौथी. "शालन, एक बाई हाय. माझ्यासारखाच गुडघा हाय तिचा. रागावू नको हां."

"प्रत्येक वाक्याला आधी हे शालन काय..." तन्वी म्हणता म्हणता पडद्यावरच्या लाभार्थ्याच्या नावापर्यंत आली आणि तिनं आवाज बंद केला.

बाहेर कोणीतरी नंबर पुकारला, अठरा. आनंदाचा सतरावा होता. तो केव्हाच आत आला होता तरी दचकला.

"चहा घेणार का मामा?"

"न्हाई."

"मी हे असंच ठेवू शकते," ती हळू म्हणाली. "कोणी तपासत नाही. तुमचा अंदाज बरोबर येतोच आहे. सल्लेही येत राहतील."

आनंदानं विचार केला. यापुढंही तो बोलल्यावर अकरा दिवसांनी एक शिकलेली बाई त्याला सांगणार, की आज कोणाशी बोलणं झालं नाही. आता ते त्याला वाचता आलं नसतं.

"दुरुस्त केलं तर?"

"तर त्यांच्या नावापुढं 'मयत' लिहावं लागेल. मग दोन्ही गुडघे तुमचे होतील आणि यंत्र नव्यानं जुळणी करेल. आतापर्यंत तुमचे दोन पाय एकमेकांत अडकून बसले होते. बाहेरच्या कोणाशी जोडलेच गेले नाहीत."

मृत्यूच्या दाखल्यासाठी नगरपंचायतीत जायचं तो सहा वर्षं टाळत आला होता. रोज त्या इमारतीत सही करायचा. दाखल्याची खिडकी उजवीकडून तिसरी.

"ल्ह्या," तो म्हणाला.

"तारीख?"

त्यानं सांगितली. वारही सांगितला. वाराचा रकाना नव्हता. तन्वीनं तारीख घातली आणि बटण दाबायच्या आधी त्याच्याकडं बघितलं. तो डाव्या गुडघ्यावर पट्टा चढवत होता. तिनं दाबलं.

लगेच त्याचा मोबाईल थरथरला. 'आपला पुढचा गुडघा थांबला आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' यंत्राकडून आलेला का होईना, सहा वर्षांपूर्वी नगरपंचायतीनं पाठवायचा राहिलेला निरोप त्याला मिळाला. तो त्यानं एकदाच वाचला.

मिनिटभरात नवी जुळणी आली. पुढं कोणी एकसष्ट वर्षांचा पुरुष, दहा दिवसांच्या अंतरावर. जुळणी सत्तर टक्के.

"सत्तर म्हणजे बरं असतं," तन्वी म्हणाली. "माणसांत एवढंच येतं. आणि हे बघा, मागंही एकजण लागलंय तुमच्या. आता तुम्ही त्याचा पुढचा गुडघा. बोलाल ते त्याला नऊ दिवसांनी जाईल."

"कोण हाय?"

"नाव नाही. वय बेचाळीस." तिनं कागदावर व्यायाम लिहून दिले, वर मोठ्या अक्षरांत, 'तीन आठवडे पायऱ्या बंद', आणि खाली सही केली. "हे तुमच्या साहेबांना दाखवा. आणि डावा दुखायला लागला तर घाबरू नका. दुखू दे थोडा."

*

दुपारी टेकडीच्या पायथ्याशी गाव जमलं होतं. बोधे साहेबांनी कागद दोनदा वाचला, उलटा करून मागं काही आहे का बघितलं, आणि गर्दीकडं नजर टाकली. मित्रमंडळातले एकोणीस जण आपापल्या मोबाईलमध्ये बघायला लागले. शेवटी साहेबांनीच चावी उचलली.

"किती पायऱ्या म्हणालात?"

"एकशे चाळीस. कठडा धरा साहेब. कमीपणा मानू नका."

साहेब चढायला लागले. गर्दीच्या माना त्यांच्यामागून वर वर गेल्या, तिसाव्या पायरीला कोणीतरी साहेबांच्या गुडघ्याचा फोटो काढला, आणि सगळे पाण्याच्या आशेनं घरोघर गेले.

आनंदा सगळ्यात खालच्या पायरीवर पाय सरळ करून बसला. मांडी आवळली, सोडली. दहा झाले. वरून चावीचा आवाज येत नव्हता अजून. त्याच्या तोंडात सवयीनं पहिलं अक्षर आलं आणि तिथंच थांबलं. तो इकडं तिकडं बघायला लागला, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मग त्याला आठवलं, की कुणीतरी ऐकणारच आहे.

तो खाकरला. गुडघ्याकडं थोडा वाकला. चारचौघांत बोलावं तसा जपून म्हणाला, "जेवला का?"

पडद्यावर शब्द उमटले. 'आपले जेवण झाले का?' खाली दुसरी ओळ आली: 'हे वाक्य गुडघ्याशी संबंधित नाही. वगळावे?'

आनंदानं 'नको' दाबलं.